प्रेम, पदक आणि खाडा



या वर्षी जयंतीला चार दिवस पावसला घरी गेलो होतो. इचलकरंजीकडच्या एका सूतगिरणीत मी रिंगखात्यात आहे, कंत्राटी. आमच्याकडं गैरहजर दिवसाला सुट्टी म्हणत नाहीत, खाडा म्हणतात. खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला, आणि मुकादमाच्या मनात आलं तर जागाही गेली. ‘खाडा’ हा शब्द लक्षात ठेवा. या लेखात तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

स्वामींच्या मठामुळं पावस सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आमची वाडी कुणाला ठाऊक नाही. १४ एप्रिलच्या रात्री मिरवणूक झाली, भाषणं झाली, आणि मग पोरांनी विहारापुढं पडदा बांधून ‘सुलतान’ लावला. तसा जुनाच पिक्चर, २०१६ चा. पण कुस्ती आहे, गाणी आहेत, सलमान आहे. म्हातारी माणसंसुद्धा बसली.

सगळ्यात मोठी टाळी कुठं पडली ते सांगतो. आरफा ऑलिंपिकसाठी निवडली गेलीय आणि तेव्हाच तिला दिवस गेल्याचं कळतं. ती क्षणभर गप्प होते. मग नवऱ्याचा आनंद बघते आणि हसते. तिथं टाळ्या, शिट्ट्या. मीही टाळी वाजवली. आणि माझ्या पुढं दोन रांगा सोडून बसलेली एकजण उठली, पदर झटकला आणि सरळ घरी गेली.

ती का उठली ते मला माहीत होतं. मी मात्र टाळी का वाजवली ते मला माहीत नव्हतं. ते शोधायला हे लिहितोय. मी काही प्राध्यापक-समीक्षक नाही. दहावीनंतरचं माझं शिक्षण वाचनालयात आणि रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत झालं. तेव्हा चुकलं तर सांगा.

ज्यांनी पिक्चर पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दिग्दर्शक अली अब्बास जफर. गोष्ट हरयाणातली. सुलतान हा गावातला केबलवाला. आरफा ही पैलवानाची पोरगी, दिल्लीला शिकून आलेली, ऑलिंपिकचं सुवर्ण घ्यायचं म्हणून घाम गाळणारी. तो तिच्या मागं लागतो. ती त्याला झिडकारते, आधी स्वतःची काही किंमत कमव म्हणते. तो कुस्ती शिकतो, जिंकतो. लग्न होतं. दोघंही देशाकडून लढतात. इथपर्यंतचा सिनेमा मला आवडला, खोटं कशाला बोलू? पोरगी आखाड्यात पोराच्या बरोबरीनं उभी आहे, तिला स्वतःची जिद्द आहे, आणि पोराचं प्रेम त्या जिद्दीमुळंच माणसात येतं. असं आपल्या पडद्यावर फार वेळा दिसत नाही.

मग ते दिवस जाणं. ती थांबते, तो जिंकत सुटतो. बाळाचा जन्म होतो तेव्हा तो परदेशात विश्वस्पर्धेत लढतोय. बाळाला ओ निगेटिव्ह रक्त लागतं, ते मिळत नाही. बापाचा रक्तगट तोच, पण बाप तिथं नाही. बाळ जातं. आरफा त्याला सोडून जाते. पुढचा सगळा सिनेमा त्याच्या पश्चात्तापाचा. रक्तपेढीसाठी तो वणवण करतो, पुन्हा लढतो, बक्षिसाच्या पैशातून रक्तपेढी उभी राहते, बायको परत येते. शेवटी शेवटी तीही आखाड्यात उतरलेली दिसते.

म्हणजे आरफाचं स्वप्न सुलतानच्या चुलीत सरपण झालं. तिनं सोडलेलं ऑलिंपिक हे त्याच्या गोष्टीतलं एक वळण. ती रडली तरी त्याच्यासाठी आणि परतली तरी त्याच्यासाठी. तिची स्वतःची हार कशी असेल? पहाटे पाचला उठायची सवय असलेलं शरीर त्या दिवशी पाचला जागं झालं तेव्हा तिनं काय केलं? कॅमेरा तिथं जातच नाही.

पण माझं खरं भांडण पुढं आहे. सिनेमा विचारतो, दोष कुणाचा? आणि उत्तर देतो, सुलतानच्या गर्वाचा. गर्व गेला की सगळं सुरळीत. प्रेम आणि पदक यांची कुस्ती लावायची, दोन्हीकडं दोन चांगली माणसं उभी करायची, आणि सगळा खेळ त्यांच्या मनात चालतो असं दाखवायचं, ही पांढरपेशा गोष्टीची जुनी रीत आहे. मन मोठं केलं की प्रश्न सुटला. मी गिरणीतला माणूस. मला तिथं मन दिसलं नाही, मला हजेरीबुक दिसलं.

बघा ना. आरफा तरुण आहे. चार वर्षांनी पुन्हा ऑलिंपिक आहे. पण त्या घरात, त्या आखाड्यात, त्या संघटनेत एक माणूस म्हणत नाही की बाळंत होऊ दे, मग पुढची तयारी करू; तोवर तुझा खुराक, तुझी जागा, तुझा भत्ता आम्ही राखून ठेवतो. दिवस गेले की मैदान संपलं, हे सगळ्यांनी न बोलता मान्य केलंय. याला त्याग म्हणतात काय? आमच्याकडं याला कामावरून कमी करणं म्हणतात. फक्त इथं कामगार हसतो, म्हणून आपण टाळ्या वाजवतो.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूनं उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि बाईच्या श्रमावर मालक नफा कमावतो म्हणून त्याचा भार मालकानंही उचलला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. १९२९ ला मुंबई इलाख्यात कायदा झाला. २०१७ पासून कायद्यात २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. आमच्या खात्यातल्या कंत्राटी बायांना विचारा, कितीजणींनी ती बघितली. पण विचार तर मांडला गेला होता! गर्भारपण हा बाईचा खासगी त्याग नाही, तो रजेचा प्रश्न आहे, पैशाचा प्रश्न आहे, हक्काचा प्रश्न आहे. जयंतीच्या रात्री आपण त्यांच्या फोटोला हार घातला, आणि दोन तासांनी रजा न मिळालेल्या बाईच्या हसण्यावर शिट्ट्या मारल्या.

रजा मिळाली, घर सांभाळायला कोणी असलं, तर काय होतं ते बघा. मणिपूरच्या मेरी कोमला २००७ साली जुळी पोरं झाली. २००८ ला ती पुन्हा जगज्जेती. त्या वर्षांत तिचा नवरा ऑनलेर, जो स्वतः फुटबॉल खेळलेला, घरी पोरं सांभाळत होता. अमेरिकेची धावपटू ॲलिसन फेलिक्स हिनं २०१९ साली जाहीरपणे लिहिलं की तिच्या बाळंतपणाच्या सुमारास नायकी कंपनीनं नव्या करारात पैसे कितीतरी कमी केले आणि बाळंतपणानंतर वेग घटला तर पैसे कापणार नाही एवढंसुद्धा लिहून द्यायला कंपनी तयार नव्हती. ती एकटी रडत बसली नाही. बाकीच्या धावणाऱ्या बायाही बोलल्या, गाजावाजा झाला, कंपनीला नियम बदलावे लागले. २०२१ ला टोकियोत तिनं आई झाल्यावर ऑलिंपिकची दोन पदकं घेतली. तिनं मन मोठं केलं नाही, करार बदलून घेतला. एवढ्या मोठ्या खेळाडूची गाठसुद्धा शेवटी मालकाशीच पडते.

आता दुसरी गोष्ट. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये २३ जुलैला कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्या पदकामागं गावोगावची वर्गणी होती, आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून काढलेले ७००० रुपये होते. हे आपल्याला पाठ असतं. पण त्याच गावात दुसऱ्याच दिवशी काय घडलं ते कमी लोकांना माहीत आहे. २४ जुलैला झेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक ५००० मीटर जिंकला, आणि त्याच दुपारी त्याची बायको डाना हिनं ५०.४७ मीटर भाला फेकून सुवर्ण घेतलं. दोघांचा जन्मही एकाच दिवशीचा, १९ सप्टेंबर १९२२. याच्याहून गोड प्रेमकथा कोण लिहील?

पण मला त्यातली आंबट गोष्ट जास्त आवडते. एमिल नंतर थट्टेनं म्हणाला की माझं सुवर्ण बघून बायकोला स्फूर्ती आली, तेव्हा तिच्या पदकात थोडा वाटा माझाही. डाना चिडली. म्हणाली, असं असेल तर दुसऱ्या कुठल्या पोरीला स्फूर्ती देऊन ये, आणि बघ ती पन्नास मीटर भाला फेकते का!

हे वाक्य ‘सुलतान’मध्ये आरफाच्या तोंडी असतं तर सिनेमा कुठल्या कुठं गेला असता.

आपल्या महाराष्ट्रातही एक जोडी आहे. कोल्हापूरचा वीरधवल खाडे आणि त्याची बायको ऋजुता, दोघंही जलतरणपटू. २००८ ला बीजिंगच्या ऑलिंपिकला गेला तेव्हा वीरधवल शाळकरी वयाचा होता. २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्यानं कांस्य घेतलं. खजानसिंगच्या १९८६ च्या रौप्यानंतर २४ वर्षांनी भारताला पाण्यातलं पदक मिळालं. सरकारनं त्याला तहसीलदार केलं. आमच्या खालच्या अंगाला, मालवणला त्याची खुर्ची होती. समोर अख्खा समुद्र, आणि सरावाला ५० मीटरचा तलाव नाही. खेळाडूचा असा सन्मान आपलं सरकारच करू जाणे. पोहतोस चांगला, म्हणून ये, फायली तपास! मधली वर्षं तो पाण्याबाहेर राहिला. परत आला, आणि २०१८ ला जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्याचं पदक हुकलं ते एक शतांश सेकंदानं. डोळ्याची पापणी लवायला याच्याहून जास्त वेळ लागतो. २०२० ला टाळेबंदीत तलाव बंद पडले तेव्हा पोहणं सोडावं लागेल की काय असं त्यानं उघड लिहिलं. आणि २०२३ ला गोव्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत नवराबायको दोघांनी महाराष्ट्रासाठी सुवर्णपदकं घेतली, आणि तिथंच तो निवृत्त झाला.

पेपरवाल्यांनी लिहिलं, पाण्यातली जोडी, प्रेमाची कमाल वगैरे. प्रेम असेलच, त्याबद्दल मला काय म्हणायचंय? पण ही गोष्ट वाचताना मी तलाव शोधत होतो. कुठल्या वर्षी तलाव होता, कुठल्या वर्षी नव्हता, रजा कुणी मंजूर केली, कधी नाही केली. तहसीलदाराला जर सरावासाठी एवढं झगडावं लागतं, तर आमच्या कॅनिंगवरच्या पोरीचं काय? कुणाचं आडनाव बघून मी कुणाच्या पदकाला उणं म्हणणार नाही. त्यांचा घाम खरा आहे. पण पाण्याचा विषय निघाला की आपल्याला २० मार्च १९२७ आठवणारच. चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला आपल्याला सत्याग्रह करावा लागला. सरावाच्या पाण्यात शिरायला अजून फी लागते, प्रशिक्षक लागतो, खुराक लागतो, आणि सगळ्यात आधी रिकामी सकाळ लागते. रिकामी सकाळ कुणाच्या घरी असते?

आता त्या उठून गेलेल्या बाईकडं येतो. तिचं नाव लिहीत नाही.

ती खो-खो खेळायची. तिनं खांबावरून सूर मारला की पळणारा पोरगा असला तरी हबकायचा. मी कबड्डीत चढाईला. पहाटे गणेशगुळ्याच्या वाळूत आम्ही दोघं पळायचो, मधे वीस पावलांचं अंतर ठेवून, कारण वाडीला डोळे असतात. ती पुढं, मी मागं. वाळूत ती मला कधी सापडली नाही. तिथंच आमचं जमलं. राज्याकडून खेळायचं दोघांनी ठरवलं होतं. कुणी आधी पोचलं तर दुसऱ्यानं जळायचं नाही, अशी शपथ होती.

तिची निवड झाली. शिबिर मे महिन्यात. आणि मे म्हणजे आंबा. त्या दिवसांत ती कॅनिंगवर जायची, आंबा सोलायला. त्या दीड महिन्याच्या मजुरीवर तिच्या घरचं पावसाळ्यातलं धान्य भरायचं. ठेकेदार म्हणाला, चार दिवस जरी गेलीस तरी तुझ्या जागी दुसरी बसेल. ती गेली नाही.

त्याच वर्षी मी गिरणीत लागलो. एका स्पर्धेसाठी तीन खाडे केले, परत गेलो तर यादीत नाव नव्हतं. दुसऱ्या गिरणीत चिकटलो आणि कबड्डी संपली. म्हणजे गेलं दोघांचंही. पण मी कवी ना! मी कविता लिहिली. याच अंकात ती दोन वर्षांपूर्वी छापून आली. त्यात मी तिला समई केलं, माती केलं, आई केलं. माझ्यासाठी तिनं पंख मिटून घेतले असं काहीतरी लिहिलं. मित्रांनी पाठ थोपटली. मी अंक घेऊन पावसला गेलो आणि मोठ्या मानानं तिच्या हातात दिला.

तिनं उभ्या उभ्या वाचला. म्हणाली, “मेल्या, तुझ्यासाठी मी काय पन सोडला नाय. शिबिर सुटला ता मजुरीपायी. त्याचा हिशेब तू तुझ्या प्रेमाच्या वहीत कशाला मांडतोस?”

पुढं आमचं जुळलं नाही. तो विषय इथला नाही. पण त्या जयंतीच्या रात्री ती उठली तेव्हा मला कळलं की माझी कविता आणि तो सिनेमा एकाच कारखान्यातला माल आहे. ठेकेदारानं जे हिसकावलं, ते तिनं मला प्रेमानं दिलं असं मी लिहून टाकलं. ठेकेदार सुटला. माझी कविता त्याची जामीन राहिली. मी स्वतःला विद्रोही म्हणवतो, आणि लिहिताना मालकाचा हिशेब साफ करून देतो. डाना झाटोपेकनं जे नवऱ्याला सुनावलं, तेच आमच्या वाडीतल्या पोरीनं मला सुनावलं. तिनं डानाचं नावही ऐकलेलं नाही.

घरी येऊन माझ्या वह्या काढल्या. एकोणचाळीस कविता. त्यात आई अकरा वेळा. आजी, शेणाची पाटी, फाटकं लुगडं, उपाशी बहीण, सगळं आहे. ते खरंच आहे, ते लिहिलंच पाहिजे, त्याची मला लाज नाही. पण जिंकायची इच्छा असलेली एक पोरगी नाही. घामानं निथळणारी, पंचाशी हुज्जत घालणारी, हरल्यावर भिंतीवर मूठ आपटणारी. आपली बाई सोसते तेव्हाच आपल्याला कवितेत हवी असते का? प्रस्थापितांनी बाईला देवी केलं म्हणून आपण त्यांच्यावर तुटून पडलो, आणि आपण तिला माती केलं. देवी खेळत नाही, तशी मातीही खेळत नाही. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं होतं की बायकोनं नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीनं उभं राहावं, त्याची गुलाम होऊ नये. बरोबरीनं उभं राहणारीची प्रेमकविता कशी असते, हे मला अजून लिहिता येत नाही. शिकायचंय.

तोवर एक काम करता येईल. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या कप्तानीखाली आपल्या पोरींनी नेपाळला ७८-४० असं हरवून तो घेतला. तेव्हापासून आमच्या वाडीतल्या बारक्या पोरी पुन्हा खांब रोवून खेळू लागल्यात. त्यांना शिकवते ती तीच, जी उठून गेली. दर रविवारी, फुकट. त्यातल्या एकीचं शिबिर यंदा पुन्हा मे महिन्यातच आहे. आणि तिची आई तिला कॅनिंगवर नेणार आहे.

मी दुसऱ्या दिवशी मंडळाच्या बैठकीत विषय काढला. म्हटलं, जयंतीला डीजेला जे दिले त्याच्या पाव हिश्श्यात त्या पोरीची सिझनची मजुरी भरून निघते; ती तिच्या आईच्या हातात द्यायची. एक दोस्त म्हणाला, पोरगी उद्या लग्न करून गेली म्हणजे? मी म्हटलं, मग लग्न झालेली पोरगी खेळेल. कुणी हसलं, कुणी गप्प बसलं. अजून ठराव झालेला नाही.

शिबिराला अजून दिवस आहेत. माझ्याकडून दोन दिवसांचा पगार मी खजिनदाराकडं ठेवून आलोय. तुमच्या तुमच्या वाडीत, वस्तीत अशी एखादी पोरगी असणारच. कॅनिंगवर नसेल तर ऊसतोडीवर असेल, वीटभट्टीवर असेल, भावंडं सांभाळत असेल. तिच्या खाड्याचे पैसे किती होतात ते आधी विचारून या. पुढच्या अंकात संपादकांनी ते आकडे छापावेत. माझी कविता मागं ठेवली तरी चालेल.

जयभीम.